तिसरा अंक बसवताना

रविवार, १४ सप्टेंबर २०२५. सकाळी

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरपुढे जानेवारीच्या उन्हात चटई टाकून आम्ही मटार सोलायचो. उल्हास सोलायचा कमी, खायचा जास्त. त्या वर्षी त्याच्या मांडीवर नाटकाचे कागद असायचे. माझी एक शेंग सोलून झाली की त्याने एक वाक्य म्हणायचं. चुकला की मी एक दाणा फेकून मारायची. शेजारच्या कौर आंटी वरून ओरडायच्या, भाभीजी, भाईसाहब को मार क्यों रही हो? तो म्हणायचा, आंटी, प्रॅक्टिस चल रही है. कसली ते त्याने त्यांना कधीच सांगितलं नाही.

आज उगाच आठवलं.

उगाच नाही. काल करोल बागेतून टेपा परत आणल्या. १९९२ साली कॉलनीतल्या मराठी मंडळींनी केलेलं तीन अंकी नाटक, तीन व्हिडिओ टेपा. तेहतीस वर्षं माळ्यावर, गाद्यांच्या मागे. दुकानदाराने त्या कॉम्प्युटरवर उतरवून सगळ्यांची मिळून एक फाइल केली माझ्या हार्ड डिस्कवर घालून दिली आणि स्वतःकडची पुसून टाकली. साडेपाच जीबी. तिसरी टेप उतरली आणि लगेच तुटली. तो म्हणाला, मैडम, लास्ट वाला निकल तो गया, पर टेप अब ख़तम समझो. शेवट मला दाखवला. उल्हास दिसला. मी चष्मा पुसायला बाहेर आले.

उल्हास फक्त तिसऱ्या अंकात आहे. पण येतो तो पानभर भाषण घेऊनच. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या आवाजाचं दुसरं काहीच आमच्याजवळ नाही. कुणी मोबाइल वर केला की हा पाठ करून उभा.

चंद्रप्रभा वन्सं, त्याची थोरली बहीण, पुण्यात असतात. आता डोळ्यांना फारसं दिसत नाही, पण कान तिखट. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाल्या, अगं, उल्ह्या कसा बोलायचा ते मला नीट आठवेनासं झालंय. मी शब्द दिला. भाऊबीजेला ऐकवते. पूर्ण भाषण.

संकल्प: फाइलचे तीन सारखे तुकडे करायचे, एकेका अंकाचा एक; अंक तिन्ही सारख्याच लांबीचे. तिसरा पुण्याला. काम मी स्वतः करणार, माझ्या स्वतःच्या सी प्रोग्रामने. भाऊबीज २३ ऑक्टोबरला. वेळ भरपूर.

सोमवार, १५ सप्टेंबर

रेवतीचा गुरुग्रामहून फोन. आई, आधी दुसरी हार्ड डिस्क घे आणि त्या फाइलची कॉपी करून ठेव. मी म्हणाले, पितृपक्षात नवी खरेदी नको. ती म्हणाली, तू कधीपासून हे पाळायला लागलीस? मी पाळत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. पण दिल्लीत ऑफर धनतेरसलाच लागतात हे तिलाही माहीत आहे. धनतेरसला घेईन.

शिवाय कॉपी कशाला? माझा प्रोग्राम जे करतो ती कॉपीच असते.

मंगळवार, १६ सप्टेंबर. दुपारी

प्रोग्राम सापडला! नाव 'तुकडे'. १९९३. आमच्या सरकारी संगणक केंद्रात तेव्हा एक मोठी फाइल एका फ्लॉपीवर मावायची नाही, म्हणून तिचे तुकडे करायला मी लिहिला. किती सुंदर लिहिलाय. समास सोडलेला. प्रत्येक फंक्शनवर माझं नाव, तारीख. हल्लीची मुलं एवढं नीट लिहीत नाहीत.

काम असं: मूळ फाइलची लांबी मोजायची, तिचे हवे तितके भाग करायचे, शेवटी सगळे तुकडे मिळून मूळ लांबी भरते का ते ताडून पाहायचं. भरली, तर मूळ फाइल पुसून टाकायची. तेव्हा डिस्कवर जागा कुठे होती? प्रोग्राम स्वतःच्या मागचं स्वतः आवरतो. आमच्या घरात असा दुसरा कुणी झाला नाही.

बत्तीस वर्षांत एक तक्रार नाही. त्यातली सत्तावीस वर्षं तो कुणी चालवलाच नाही असं केंद्रातला माझा जुना सहकारी सुधन्वा म्हणेल. म्हणू दे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

नचिकेतने, म्हणजे रेवतीच्या नवऱ्याने, मागे माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलं होतं. त्यावर कंपाइल केला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून घेतला. एरर एकही नाही. वॉर्निंग मात्र बऱ्याच. बहुतेक एकाच जातीच्या: तुम्ही मोठा आकडा लहान जागेत ठेवताय, किंमत बदलू शकते.

शाळेत सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, पापं दोन प्रकारची, मोठी आणि किरकोळ. मोठ्याने माणूस थेट नरकात. किरकोळ चालतं, फक्त रोज रात्री आठवावं. एरर म्हणजे मोठं पाप. वॉर्निंग किरकोळ.

तरी मी बेफिकीर नाही. प्रत्येक ठिकाणी कास्ट घातला. कास्ट म्हणजे कंपायलरला लेखी देणं की हा आकडा या जागेत मी जाणूनबुजून बसवते आहे, जबाबदारी माझी. लेखी दिल्यावर सगळ्या वॉर्निंग गेल्या. सरकारी नोकरीत एवढं तर शिकलेच.

वॉर्निंग शून्य. छान वाटलं.

रविवार, २१ सप्टेंबर. संध्याकाळी

सर्वपित्री. उल्हासच्या नावाने पान वाढलं. मग चाचणी घेतली.

नाटकाच्या फाइलवर थेट हात टाकायला मी वेडी नाही. आधी रेवतीच्या लग्नाची फाइल घेतली. तीन जीबी, आणि तिची कॉपी रेवतीकडे आहे. प्रोग्रामने लांबी दाखवली: उणे एक अब्ज एकोणतीस कोटी आणि वर काही. उणे! उल्हास असता तर म्हणाला असता, अगदी बरोबर, लग्नानंतर मी तिथेच होतो.

पाच मिनिटांत कारण शोधलं. लांबी ज्या इंटमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या खणात, ठेवते त्यात अर्धी जागा उणे आकड्यांसाठी राखीव असते. फाइलला उणे लांबी कशाला हवी? अनसाइन्ड केलं. म्हणजे उणे बंद, सगळी जागा अधिकसाठी. पुन्हा चालवला. तीन तुकडे, जोडले, लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत. सप्तपदी, पंगत, नचिकेतच्या मावशीचा रुसवा, सगळं.

एकसष्टाव्या वर्षी माणूस पाच मिनिटांत बग काढतो. लिहून ठेवते.

बुधवार, २४ सप्टेंबर

नवरात्र. गुडघा. कामवाली गावाला. आरओवाला आला नाही. नाटकाचं उद्या.

रविवार, २८ सप्टेंबर

सगळे जेवायला. अवनी, नात, माझ्या शेजारी लॅपटॉपपाशी बसली. आजी, काय करतेस? म्हटलं, तिसरा अंक बसवते आहे. तिला कळेना. बसवतेस मतलब? बिठाती है? कुठे? मी म्हणाले, अगं, नाटक बसवतात, गणपती बसवतात, डब्यात लाडू बसवतात. ती म्हणाली, आजी, मराठीत सगळे बसूनच असतात का?

हसून रेवतीच्या डोळ्यांत पाणी. मला नाही आवडलं. पोरगी दिल्लीत वाढली, शब्द गळाले. संकल्प: रोज एक मराठी शब्द तिला व्हॉट्सॲपवर. पहिला शब्द 'बसवणे'. पाठवला. तिने अंगठा पाठवला.

नचिकेत कोड बघत होता. फार सभ्य मुलगा. सासूशी बोलताना आधी दोनदा घसा साफ करतो. म्हणाला, आई, एकदा सगळ्या वॉर्निंग चालू करून कंपाइल करूया का? मी म्हणाले, करा ना. केलं. शून्य. तो जरा चकित झाला. म्हणाला, अरे वा. मी म्हणाले, आधी श्रीखंड घ्या. श्रीखंड घेतलं. विषय मिटला.

कास्टचं त्याने विचारलं नाही. मी आपणहून का सांगू?

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल दसरा. फरीदाबादहून सुधन्वाचा फोन. हा आमच्या केंद्रातला माझा सहकारी आणि त्या नाटकाचा दिग्दर्शक. निवृत्त झाला तरी दिग्दर्शन सुटलं नाही. म्हणे, सुनयनाबाई, पहिल्या अंकात माझ्या हातून चहा सांडतो तेवढं कापून टाका. म्हटलं, आख्ख्या नाटकात तेवढंच नैसर्गिक आहे. मग म्हणाला, ऐकलं की तुकडेसाहेब पुन्हा ड्युटीवर? बाई, आता बाजारात फुकट सॉफ्टवेअर मिळतात, बटण दाबलं की काम. मी म्हणाले, माझं तपासलेलं आहे. तो म्हणाला, तुमचं तुम्हीच तपासलंय ना?

त्याचा माझ्यावर १९९४ च्या प्रमोशनपासून राग आहे. मनावर घेत नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

वन्संचा फोन. सून मृणाल त्यांना फोन लावून देते. विचारलं, झालं का गं? म्हटलं, झाल्यातच जमा. त्या म्हणाल्या, घाई नाही. मग म्हणाल्या, नाही, आहे थोडी.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. सकाळी अकरा

चालवला.

पडद्यावर: तीन तुकडे तयार. पडताळणी: लांबी बरोबर. मूळ फाइल पुसली.

इतक्या लवकर झालं की चहासुद्धा निवला नव्हता. लग्नाच्या फाइलला याहून जास्त वेळ लागला होता. अडीच जीबी कमी असून! सरावाने मशीनही तयार होतं म्हणायचं.

रेवतीला, सुधन्वाला, मृणालला मेसेज. सुधन्वाला मेसेजमध्ये 'तपासलेलं' हा शब्द ठळक केला.

संकल्प: या प्रोग्रामवर एक लेख लिहायचा. तरुणांसाठी. शीर्षक ठरलं आहे: जुनं तेच टिकतं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. दुपारी

तिसरा तुकडा उघडला. रुमाल घेऊनच बसले होते.

सुधन्वा चहा सांडतोय.

म्हणजे हा पहिला अंक. दुकानदाराने टेपांचा क्रम चुकवला असणार. फोन केला. तो म्हणाला, मैडम, आपके सामने तो देखा था, अंकलजी लास्ट में थे. हे मात्र खरं. मग काय, तुकड्यांना नावं उलटी पडली असतील. पहिला उघडला: घंटा, पडदा, नांदी. पहिला अंक. दुसरा: पहिल्या अंकाचं मधलं. तिन्ही मिळून जेमतेम पस्तीस मिनिटं आणि सगळा पहिला अंक. चहा सांडतो आणि संपतं.

प्लेअर खराब आहे. पुढचं दाखवत नाही.

तिन्ही तुकड्यांची बेरीज करून पाहिली. सव्वा जीबी. बेरीज करणारं फाइल मॅनेजरही खराब आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

प्लेअर बदलून पाहिला. तेच.

माणसाने भावनेच्या भरात न राहता पुरावा गोळा करावा. लग्नाची फाइल पुन्हा त्याच हार्ड डिस्कवर घातली आणि प्रोग्राम चालवला. अचूक. पुन्हा घातली, चालवला. अचूक. पाच तुकडे, सात तुकडे, नऊ तुकडे, करून पाहिलं. डिस्क भरत आली पण प्रत्येक वेळी लग्न पूर्ण. प्रोग्राम निर्दोष आहे हे संध्याकाळपर्यंत सिद्ध झालं.

मग नाटक कुठे आहे?

नचिकेतला उद्या बोलावलं. मदतीसाठी नाही. साक्षीला.

रविवार, १२ ऑक्टोबर

नचिकेत आला. घसा साफ केला नाही, त्यावरून ओळखलं.

कोड वरून खाली वाचला. लांबीच्या ओळीवर थांबला. आई, हा कास्ट कधी घातला? म्हटलं, वॉर्निंग येत होती म्हणून. तो म्हणाला, ती याचीच येत होती.

मग म्हणाला, बाबांच्या स्कूटरचा मीटर आठवतो?

आठवतो की. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले आणि इंडिया गेटपाशी सगळे आकडे एकदम शून्यावर आले. उल्हासने गाडी तिथेच थांबवली आणि म्हणाला, सुनयना, गाडी नवी झाली. कॉलनीत पेढे वाटले. दिल्लीतल्या मेकॅनिकलाही त्याने तोंड वर करून सांगितलं की गाडी बारा किलोमीटर चालली आहे.

नचिकेत म्हणाला, तसंच झालंय. तुमच्या त्या जागेत चार अब्ज एकोणतीस कोटींपर्यंतच आकडा मावतो. त्यापुढे मीटर शून्यावर येतो आणि पुन्हा मोजतो. लग्न तीन जीबी, ते मावलं. नाटक साडेपाच. मीटर फिरला आणि उरलं ते सव्वा. प्रोग्रामला वाटलं फाइल सव्वाचीच आहे. सव्वाचे तीन तुकडे केले.

मी म्हणाले, पण पडताळणी बरोबर आली. तो म्हणाला, आई, मूळ फाइल त्याच मीटरने मोजली, तुकडेही त्याच मीटरने. दोन्हीकडे सव्वा. जुळणारच.

रेवती स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने नळ बंद केला. बोलली असती तर बरं झालं असतं.

नचिकेत म्हणाला, पुसलेली फाइल बहुतेक वेळा परत मिळते. डिस्कवरची जागा मोकळी म्हणून लिहिलेली असते, आतलं तसंच असतं. फक्त त्यावर दुसरं काही लिहिलेलं नसलं पाहिजे. फाइल गेल्यानंतर तुम्ही डिस्कवर काही ठेवलं नाहीत ना?

मी चहा टाकायला उठले.

सोमवार, १३ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. खरी गोष्ट अशी:

एक. १९९३ साली जगात साडेपाच जीबीची फाइल नव्हती. आमच्या केंद्राच्या सगळ्या डिस्क मिळून तेवढं झालं नसतं. प्रोग्राम त्याच्या काळात बरोबर होता, काळ चुकला.

दोन. कंपायलरने वॉर्निंग इंग्रजीत दिली, कोरड्या शब्दांत. 'किंमत बदलू शकते' म्हणजे काय? शकते! सिस्टर बर्नाडेट शकते म्हणायच्या नाहीत. हातावर पट्टी मारायच्या.

तीन. नचिकेतला श्रीखंड एवढं आवडत नसतं तर त्याने तेव्हाच कास्ट पाहिले असते.

वाचून पाहिलं. तिसरं खोडते. तो काय करणार? वाढलं मी.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

डिस्क नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात दिली, पुसलेलं परत काढायला. नचिकेत सुट्टी काढून आला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आंटी, जितना ओवरराइट हुआ वो तो गया, बाकी का देखते हैं. कितनी बार लिखा इसके ऊपर? नचिकेतने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, दो-तीन बार.

खोटं बोलला. सासूसाठी. मी पाच वेळा लिहिलं होतं.

येताना मेट्रोत त्याने बसायला जागा करून दिली. मी म्हणाले, तुम्ही त्या दिवशी अजून जोर देऊन विचारायला हवं होतं. तो म्हणाला, हो आई, माझं चुकलं. मग मला जास्तच राग आला. कुणाचा ते कळेना.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सुधन्वाचा फोन. रेवतीने सांगितलेलं दिसतं. माझी तयारी होती. तो म्हणाला, सुनयनाबाई, तुम्हाला तेव्हाच सांगत होतो, कास्टिंग चुकलं की नाटक पडतं. मग म्हणाला, तिसऱ्या अंकातलं त्याचं भाषण मला आठवतंय का ते पाहत होतो सकाळपासून. पहिली दोन वाक्यं येतात. पुढे माझंच काहीतरी घुसतं. कागद कुठे आहेत? म्हटलं, क्वार्टर सोडताना रद्दीत. तो म्हणाला, माझेही.

फोन ठेवताना म्हणाला, चहा कापू नका हं. राहू दे.

वन्संचा फोन दोनदा येऊन गेला. मृणालला मेसेज केला, कुरिअरवाल्यांची दिवाळीची गर्दी. संकल्प: उद्या खरं सांगायचं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वसुबारस. सणासुदीला कशाला. परवा सांगते.

शनिवार, १८ ऑक्टोबर. संध्याकाळी

धनतेरस. ठरल्याप्रमाणे खरेदी केली: एक झाडू, एक हार्ड डिस्क. ऑफर होती. दुकानात रांग बाहेर रस्त्यापर्यंत, लोक सोनं घेतल्यासारखं मिक्सर कवटाळून चाललेले. घरी येऊन दोन्हींना हळदकुंकू लावलं. डिस्क चार हजार जीबी. रिकामी.

हवा फार वाईट आहे आज. डोळे चुरचुरतात.

सोमवार, २० ऑक्टोबर

पहाटे उटणं लावलं, एकटीनेच. इथल्यांची दिवाळी आज, सगळ्या सोसायटीत फटाके. दुपारी नचिकेत आणि रेवती आले. नेहरू प्लेसहून डिस्क आणली होती.

जे परत मिळालं ते पाहिलं. पहिल्या अंकाचं थोडं, जे आपल्याकडे आहेच. दुसऱ्या अंकातल्या एका भांडणाचा मधला भाग. पडदा. पुष्कळ पडदा. प्रेक्षकांतल्या कुणाचं तरी टक्कल, बराच वेळ. आणि एक तुकडा तिसऱ्या अंकातला.

दार. दाराबाहेर खोकला, तो नाटकातला नाही, त्याला नोव्हेंबर ते मार्च असायचाच. दार ढकलून उल्हास आत येतो. ट्रंक खाली ठेवतो. इकडेतिकडे बघतो. आणि म्हणतो, कुणी आहे का घरात?

मग चित्र हिरवं होतं, चौकोन चौकोन. तिथे संपतं.

भाषण नाही. भाषणाचा एक शब्द नाही.

रेवतीने परत लावलं. मग परत. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, बंद कर. ती म्हणाली, आई, बाबांचे केस किती होते. मी म्हणाले, मला माहीत आहे किती होते. उगाच ओरडले तिच्यावर.

ते गेल्यावर प्रोग्राम उघडला. ती ओळ पाहिली. माझ्या नावाखाली, तारखेखाली, समास सोडून. कास्ट काढला. लगेच वॉर्निंग आली. वाचली. तिच्यात किचकट असं काही नाही. साधं इंग्रजी आहे. मला शाळेत इंग्रजीला पारितोषिक होतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. वन्संना सांगितलं. म्हणजे मृणालला सांगितलं. ती म्हणाली, मामी, तुम्ही स्वतःच सांगा ना त्यांना. म्हटलं, सांगते, भाऊबीजेला. सणाचा एक दिवस तरी त्यांना बरं वाटू दे. मृणाल म्हणाली, कोणाला?

हल्लीच्या सुना बोलतात.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. दुपारी

भाऊबीज.

सकाळी तो तुकडा मृणालच्या फोनवर पाठवला. अकराला फोन लावला. वन्संनी आवाजावरूनच ओळखलं. काय गं, कुरिअर हरवलं का? म्हटलं, नाही वन्सं, कुरिअर नव्हतंच. सगळं सांगायला सुरुवात केली, बत्तीस बिट, अनसाइन्ड, कास्ट. १९९३ पासून. त्या मध्येच म्हणाल्या, सुनयना, मला त्यातलं काही कळत नाही. भाषण आहे का?

नाही म्हणाले.

पलीकडे पंखा ऐकू येत होता. मी म्हणाले, माझ्या हातून गेलं. एक एवढासा तुकडा राहिलाय. तुम्ही ऐकणार असाल तर. त्या म्हणाल्या, लाव.

मृणालने लावला. तिच्या फोनमधून वन्संच्या फोनमध्ये, तिथून मला इकडे ऐकू आलं. खोकला. दार. ट्रंक. कुणी आहे का घरात?

वन्सं म्हणाल्या, आहे रे. ये.

अगदी रोजच्यासारखं. स्वयंपाकघरातून म्हणावं तसं.

मग मृणालला म्हणाल्या, परत लाव. मृणालने लावलं. त्या पुन्हा म्हणाल्या, आहे, ये. पुन्हा. मी फोन धरून उभी. किती वेळ ते चाललं कोण जाणे. मी ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही. शेवटी मृणालने ठेवला.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. सकाळी

कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. माझ्या आठवणीवर आता काही सोपवायचं नाही.

वन्संना उल्हासचा तुकडा पेन ड्राइव्हवर. फोनमध्ये आहे, पण फोनवरून चुकून पुसला जाईल. मृणालने त्याची कॉपी आपल्या हाताने ओढून करावी. प्रोग्राम वापरू नये. कुठलाच.

सुधन्वाला पहिला अंक, जेवढा आहे तेवढा. चहासकट.

रेवतीला नवी हार्ड डिस्क. त्यावर सगळं दोनदा आहे. पडदा आणि टक्कलसुद्धा ठेवलं आहे. काढू नये.

अवनीला तिसरी टेप, तुटलेली. तिला टेप म्हणजे काय ते बघायचं होतं. आतली फीत बाहेर ओढली तरी चालेल, आता काही बिघडत नाही.

नचिकेतला 'तुकडे'. लांबी चौसष्ट बिटांत घेतली आहे. कास्ट सगळे काढले. सात वॉर्निंग येतात, त्या येऊ दिल्या आहेत. मूळ फाइल पुसण्याची ओळ काढून टाकली. आता मला तो बरोबर वाटतो आहे. तेव्हा त्याने एकदा नीट बघावा.